दुपारची साखर

पार्सल ऑफिसात तिला सगळे काटाबाई म्हणत. वजनकाट्यापाशी तिची उभी हयात गेली होती आणि काट्याच्या बाबतीत ती सख्ख्या भावाचंही ऐकत नसे. एखादं गिऱ्हाईक हुज्जत घाली, "बाई, घरी मोजलं तेव्हा पाच किलोच भरलं होतं." ती म्हणे, "मग घरूनच पाठवा," आणि पुढचं खोकं ओढून घेई. माणसं तोंडाला येईल ते सांगतात, काटा सांगत नाही, एवढं तिचं साधं गणित होतं.

हे गणित तिला ऑफिसनं नाही, नवऱ्यानं शिकवलं होतं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. माणूस गोड, बोलणं गोड आणि खाणं त्याहून गोड. साखरेचा आजार ऐन उमेदीत जडला, पण पथ्य त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे मास्तर पाठ फिरवून गोड खात. रंगांच्या कपाटात बिस्किटांचे पुडे, कोटाच्या फाटक्या अस्तरात चॉकलेटं, ब्रशांच्या डब्यात गोळ्या. विचारलं तर चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. "अगं, शपथेवर सांगतो, आठवडाभर तोंडात गोडाचा कण घातला नाही." मग तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी व्हायची आणि मास्तरांची शपथ त्या कागदावर उघडी पडायची. ते ओशाळं हसायचे, ही रडायची, आणि चार दिवसांनी पहिले पाढे पंचावन्न. करता करता साखरेनं डोळ्यांचा घास घेतला. डावा डोळा पुरता गेला, उजव्यात धुक्यातल्यासारखं काहीबाही उरलं. ज्याला पोरांच्या चित्रातला निळा कच्चा आहे की पक्का हे लांबून कळायचं, त्याला भिंतीचा रंग कळेना. नोकरी सुटली.

घरी बसल्यावर मात्र मास्तर शहाण्या मुलासारखे राहू लागले. वेळेवर जेवायचे, पेनासारखं ते इन्सुलिनचं इंजेक्शन फिरवून त्याचे टकटक आवाज कानानं मोजायचे आणि स्वतःचं स्वतः टोचून घ्यायचे. पण बैल गेला आणि झोपा केला, त्याचं काय कौतुक करायचं, असं काटाबाईच्या मनात येई. आणि हे शहाणपण खरं तरी किती, कोण जाणे. ती बोलून दाखवत नसे. मास्तरांना मात्र ते न बोललेलंही ऐकू जायचं.

घरात तिसरा जीव म्हणजे जाड्या. पिवळ्या पट्ट्यांचा बोका. मास्तरांनी तो शाळेच्या अडगळीच्या खोलीतून पिशवीत घालून आणला होता, तेव्हा मुठीएवढा होता. पुढे असा काही सुटला की खिडकीच्या कट्ट्यावर बसला की कट्टा दिसायचा नाही. मूलबाळ नव्हतं. नवराबायकोचं बोलणं बंद पडलं की दोघंही जाड्याशी बोलत. "जाड्या, तुझ्या मालकिणीला सांग, चहा झाला असेल तर द्यावा." "जाड्या, मालकाला सांग, हात आहेत त्यांना." संसाराची बरीच वर्षं या बोक्याच्या मध्यस्थीवर चालली होती.

तो जाड्या वाळायला लागला. आधी लक्षात आलं नाही, कारण खाणं तर दुप्पट झालं होतं. मग काटाबाईला त्याच्या मातीचा ट्रे उचलताना हाताला जड लागला. वजन हा तिचा प्रांत. मांजर एवढं मुततं कसं, म्हणून तिनं पाण्याच्या वाटीवर नजर ठेवली. जाड्या वाटीपाशी बसायचा तो उठायचाच नाही, लपलप लपलप, वाटी कोरडी होईपर्यंत. असं पाणी पिणारा माणूस तिनं एकदा पाहिला होता. मास्तर तेव्हा तांब्याच तोंडाला लावत.

तिनं जाड्याला झाकणाच्या टोपलीत घालून ऑफिसात नेलं आणि गिऱ्हाईक यायच्या आत काट्यावर ठेवलं. शेजारचा हमाल म्हणाला, "काटाबाई, 'नाजूक माल' म्हणून चिठ्ठी डकवू का?" सगळे हसले. ती काट्याकडे बघत राहिली. नाव जाड्या आणि आत नुसता सांगाडा. मागचे पाय तर तो आता टाचा जमिनीला टेकवून, म्हाताऱ्यासारखे फरफटत टाकत होता.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "याला साखर आहे."

काटाबाईला हसू आलं. डॉक्टरीणबाई चपापल्या.

"माफ करा," ती म्हणाली. "घरात एक आहेत आधीच."

मग शिकवणी सुरू झाली. जाड्याचा कान गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकायचा, म्हणजे कडेची केसाएवढी नस जराशी फुगते. मागून कापूस धरायचा आणि सुई टचकन टोचायची. मोहरीएवढा थेंब आला की मशीनची पट्टी त्याला लावायची. आकडा पाहायचा. मग खायला घालायचं, खाल्लं याची खात्री करायची, आणि त्यानंतरच इन्सुलिन. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत हळू घोळवायची. मानेमागची सैल कातडी चिमटीत वर ओढून त्या खळग्यात सुई. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, रोज, न चुकता.

"आणि एक लक्षात ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर जास्त राहिली तर मांजर हळूहळू आजारी पडतं. पण खूप उतरली तर तासाभरात जातं. थरथरायला लागलं, झिंगल्यासारखं चालायला लागलं, की आधी हिरड्यांना मध चोळायचा आणि मग मला फोन. डोस मात्र मला विचारल्याशिवाय वाढवायचा नाही."

"हे कायमचं का?"

"कायमचं धरून चाला. पण काही मांजरं सुटतात यातून. सुरुवातीलाच साखर नीट ताब्यात राहिली, तर इन्सुलिन बंदही होतं कधी कधी."

हे शेवटचं वाक्य काटाबाई घरी घेऊन आली. बाकीचं तिनं पाठ केलं, पण हे वाक्य तिनं जपलं. सुटतात. मास्तरांच्या कुठल्याच डॉक्टरांनी हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता.

पहिले काही दिवस हाताला ओरखडे, चावे, सांडलेलं रक्त आणि वाया गेलेल्या पट्ट्या. मग हात बसला. जाड्याही शहाणा निघाला. कान शेकायला घेतला की मांडीवर सैल पडायचा आणि सुई टोचली तरी घुरघुर थांबवायचा नाही. मास्तर खुर्चीत बसून कानांनी सगळं पाहत असायचे.

"किती?" ते विचारत.

"दोनशे चाळीस."

"बरा आहे. मी पास झालो असतो तर पेढे वाटले असतेस तू."

"बोका शपथा घेत नाही," ती म्हणाली. तिला ते चेष्टेत म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते चेष्टेसारखं निघालं नाही.

हळूहळू आकडा खाली आला. जाड्याच्या अंगावर मांस धरलं, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. एका सकाळी तो पूर्वीसारखा खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारून चढला आणि काटाबाई हातातलं काम टाकून नुसती बघत उभी राहिली. इतकी वर्षं एका माणसामागे लागून जे जमलं नव्हतं, ते या बोक्याच्या बाबतीत जमत होतं. जेवढं द्यावं तेवढंच तो खात होता, जेव्हा टोचावं तेव्हा टोचून घेत होता आणि त्याचं फळ आकड्यात दिसत होतं. म्हणजे चूक तिची नव्हती. ती कुणाला तरी वाचवू शकत होती.

आणि मग संध्याकाळचे आकडे चढायला लागले.

नेमकं त्याच सुमाराला मास्तर एकदा म्हणाले, "अगं, दुपारी जाड्याला काहीतरी होतं. आज माझ्या मांडीवर होता, अंगात कापरं भरलं होतं. उठवला तर भिंतीला धडकला. माझी साखर उतरते ना, तेव्हा मला होतं, अगदी तसं."

"मग?"

"मग काय, थोडा मध चाटवला. घटकाभरानं बरा झाला."

काटाबाई नुकतीच कामावरून आली होती. चप्पलसुद्धा काढली नव्हती. तिनं तशीच जाऊन जाड्याचा कान शेकला, टोचला. आकडा साडेतीनशेच्या वर.

"साडेतीनशे," ती म्हणाली. "साडेतीनशेला कुणाची साखर उतरते हो?"

"आता चढली असेल. दुपारी..."

"साखरेच्या मांजराला मध चाटवता तुम्ही? एकट्याला खाववत नाही, म्हणून त्याला जोडीला घेतलंत?"

या बाईनं आपल्याला खोटं बोलताना इतक्यांदा पकडलं आहे की आता खरं कुठल्या तोंडानं सांगावं, हे मास्तरांना सुचेना. लांडगा आला रे आला, या गोष्टीतला गुराखी म्हातारपणी जसा दिसेल, तसे ते त्या खुर्चीत बसले होते. काटाबाईनं मधाची बाटली फडताळाच्या वरच्या कप्प्यात नेऊन ठेवली.

तिथून पुढे ती रोज विचारायची. "आज काही दिलंत त्याला?"

"नाही."

"नक्की?"

"शपथ."

आणि संध्याकाळचा आकडा चढलेलाच. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. मास्तर खोटं बोलत होते, नाहीतर बोक्याचा आजार बळावत होता. मास्तरांचं म्हणाल तर बिस्किटं तिनं कुलपात घातली होती, आणि त्या माणसाच्या हाताला वरचा कप्पा सापडणार कसा. मग आजारच. तिनं दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी डोस जरासा वाढवला. आकडा चढला. तिनं परत फोन केला.

या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता असा वाढवता येणार नाही. एक पूर्ण दिवस दर दोन तासांनी साखर मोजा आणि मला पाठवा. मुख्य म्हणजे दुपारची हवी. इन्सुलिनचा जोर तेव्हा सगळ्यात जास्त असतो, दुपारी ती किती खाली जाते ते बघायचंय मला."

ऑफिसात तेव्हा हंगाम होता. खोकी छतापर्यंत चढली होती, सुट्ट्या बंद होत्या, आठवड्याची हक्काची सुद्धा. काटाबाईनं साहेबांपुढे जाऊन विचारायचं ठरवलं आणि दारातूनच परतली. मांजराची साखर मोजायला रजा हवी, हे वाक्य तिच्या तोंडातून निघेना. मास्तरांना कानाची नस दिसायची नाही. मास्तरांची धाकटी बहीण, छोटी, अधूनमधून येऊन जायची, पण तिला सुई पाहूनच भोवळ यायची.

तेव्हा तिनं सकाळचे आकडे खरे लिहिले, संध्याकाळचे खरे लिहिले, आणि मधल्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत बसली. सकाळी तीनशे, संध्याकाळी साडेतीनशे. मध्ये काय असणार? मधलंच काहीतरी. दुपारी तीनशे दहा, तिनं लिहिलं. पुढे तीनशे पंचवीस. जन्मात तिनं कुणाचं पार्सल डोळ्यांनी अंदाज करून लिहिलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी ते आकडे पाहून डोस वाढवून दिला.

मास्तरांचा डोळ्यांच्या दवाखान्यात जायचा दिवस आला. छोटी त्यांना न्यायला येणार होती. सकाळी काटाबाई जाड्याला मांडीवर घेऊन बसली होती, सुई भरलेली होती. मास्तर दाराशी भिंत धरून उभे होते.

"आज दुपारभर घरात कुणी नसेल," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आज त्याला जरा कमी देशील का? अर्धंच दे."

"का?"

"असंच," ते म्हणाले. "वाटलं मला."

"वाटण्यावर औषध देतात का कुठे," काटाबाई म्हणाली आणि पूर्ण दिलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा घर शांत होतं. मास्तर अजून परतले नव्हते. जाड्या दाराशी आला नाही. खाटेखाली नव्हता, कट्ट्यावर नव्हता. मग कपडे धुण्याच्या यंत्रामागून पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला. थांबला. परत आला. तिनं यंत्र ओढून काढलं. जाड्या भिंतीला चिकटून आडवा पडला होता, लघवीत भिजलेला, चारही पाय ताठ, आणि डोकं पुन्हा पुन्हा पत्र्यावर आदळत होतं. तोंडाला फेस होता. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं.

मध. ती धावली. स्टुलावर चढून तिनं वरच्या कप्प्यातली बाटली खाली काढली, आणि ती हाताला हलकी लागली. बाटली भरलेली ठेवली होती तिनं. आता तळाला पुसटसा थर होता. त्या तशा घाईतही तिच्या मनात पहिलं काय आलं, तर संताप. खाल्ला मेल्यानं. आंधळ्यानं स्टुलावर चढून सगळा मध खाल्ला. तिनं बोट बाटलीत घालून तळ खरवडला आणि जाड्याच्या ताठ जबड्यात घातलं. त्याचे दात बोटात रुतले. तिला ते दुखलंही नाही.

दार उघडलं. छोटीच्या हाताला धरून मास्तर आत आले. त्यांनी तो पत्र्याचा आवाज ऐकला आणि छोटीचा हात सोडून, वाटेतल्या खुर्चीला अडखळत ते थेट आवाजाच्या रोखानं आले आणि फरशीवर बसले.

"कधीपासून?"

"मला काय माहीत कधीपासून. मध कुठे आहे? सगळा मध तुम्ही..."

"त्यालाच दिला," मास्तर म्हणाले. "रोज दुपारी. त्यालाच दिला सगळा." त्यांनी खिशातून स्वतःसाठी ठेवलेली ग्लुकोजची पुडी काढली, दातांनी फाडली, थुंकीनं बोट ओलं करून त्यात बुडवलं आणि जाड्याच्या हिरड्या चाचपून चोळायला लागले. "छोटे, टॅक्सी बघ. पळ."

टॅक्सीत टॉवेलात गुंडाळलेला जाड्या मास्तरांच्या मांडीवर झटके देत होता आणि मास्तर त्याच्या कानाशी सारखे पुटपुटत होते, आलोच, आलोच, आलोच.

दवाखान्यात मशीननं आकडा दाखवलाच नाही, इतकी साखर खाली गेली होती. डॉक्टरीणबाईंनी पायाची नस शोधून सलाईन लावलं, झटके थांबवायचं औषध दिलं. हळूहळू आपटणं थांबलं. जाड्या पोतेरं पडावं तसा टेबलावर पडून राहिला. मग हात पुसत डॉक्टरीणबाई वळल्या.

"मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत दुपारची साखर तीनशेच्या वर होती. तेवढ्यासाठी तर मी डोस वाढवला."

मास्तर बाकावर बसले होते. त्यांनी मान हळूच काटाबाईच्या दिशेला वळवली. दुपारी घरात त्यांच्याशिवाय कुणी नसतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता, किंवा निदान जिंकल्याचा आनंद असता, तर बरं झालं असतं. ते नुसते वाट बघत होते. इतकी वर्षं ती त्यांच्या उत्तराची वाट बघायची, तशी.

"मी मोजली नव्हती," काटाबाई म्हणाली. "दुपारी मी कामावर असते. ते आकडे मी मनानं लिहिले."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं.

"तो दुपारी कापायचा," मास्तर म्हणाले. "मी मध देत होतो. तिला माहीत नव्हतं. मी नाही म्हणून सांगायचो."

"म्हणजे दुपारी साखर पार खाली जायची, तुम्ही मधानं ती वर आणायचात, आणि संध्याकाळी बाईंना ती चढलेली दिसायची." डॉक्टरीणबाई हे सगळं सावकाश, स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलल्या. "रात्री समोर खाणं असायचं, म्हणून निभावलं." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर काटाबाईला कुठे तरी बघता आलं असतं. त्या "बरं" एवढंच म्हणाल्या आणि सलाईनची चावी ठीक करायला वळल्या.

छोटी भिंतीशी उभी राहून रडत होती. तिचा या सगळ्याशी काहीच संबंध नव्हता आणि रडत फक्त तीच होती.

जाड्या रात्रभर दवाखान्यात राहिला. दुसऱ्या दिवशी काटाबाई कामावर गेली नाही, मास्तरांना आणि जाड्याची टोपली घेऊन दवाखान्यात गेली. साहेबांना तिनं फोनवर "येत नाही" एवढं सांगितलं, त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. इतकं सोपं होतं ते.

साखर आता ठीक होती. दोनशेच्या आसपास, अगदी हवी तशी. पण जाड्या मान उचलत नव्हता. डोळ्यांसमोर बोट नेलं तर पापणी लवत नव्हती. तोंडात पाणी सोडलं तर कडेनं ओघळत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला खूप वेळ साखर मिळाली नाही. आणखी एक दिवस थांबून बघू शकतो, पण मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

"याला दुखतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"बहुतेक नाही."

"बहुतेक," मास्तर म्हणाले.

ते एक दिवस थांबले. काही बदललं नाही. मग काटाबाईच म्हणाली, "करा." मास्तरांनी जाड्याचं डोकं तळव्यात धरलं होतं. त्यांनी बोटांनी त्याच्या कपाळावरचे पट्टे एकामागून एक चाचपले, जणू पुढे चित्र काढायचं आहे. सुई काटाबाईनं पाहिली. तिनं रोज टोचलेल्या सुईपेक्षा ती बरीच मोठी होती आणि त्या सुईचं काम फार पटकन झालं.

रिकामी टोपली घेऊन दोघं घरी आली. जिना चढून दार उघडून आत आल्यावर ती म्हणाली, "तुम्ही परत का नाही सांगितलंत मला?"

"सांगितलं होतं."

"एकदा. एकदाच सांगितलंत. ओरडून सांगायचं होतं. छोटीला सांगायचं होतं. डॉक्टरांना फोन करायचा होता."

"हो," मास्तर म्हणाले. "करायचा होता."

"मग?"

"मला वाटलं, मी रोज देईन मध. मी घरीच असतो. तेवढं एक मला जमत होतं." त्यांनी रिकामी टोपली चाचपून भिंतीशी सरकवली. "आणि तू विश्वास ठेवला नसतास."

खरंच तसंच झालं असतं. ती त्यांना पुन्हा बोलली असती, बाटली आणखी वर ठेवली असती. त्या बोक्याला दोन माणसं दोन बाजूंनी जीव तोडून वाचवत होती आणि त्याचा जीव त्यांच्यामध्ये तुटला होता. कुणी कुणाला काय म्हणायचं? ती आत गेली आणि जाड्याचा ट्रे, वाटी, गादी सगळं पिशवीत भरून खाली कचऱ्यात टाकून आली. वर येऊन हात धुतले. मग परत धुतले.

दिवस जात राहिले. ती कामावर जायला लागली. हमालानं विचारलं, "काटाबाई, नाजूक माल कसा आहे?" तिनं सांगितलं. तो बिचारा दिवसभर तिच्याकडे यायचा टाळत राहिला. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की पूर्वी ती तोंडावर उत्तर फेकायची, आता म्हणायची, "तुम्ही म्हणता तर असेल," आणि तरीही काट्यावरचंच वजन लिहायची. घरी दोघं कामापुरतं बोलत. मध्यस्थी करायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे जे बोलायचं ते थेट एकमेकांनाच बोलावं लागे, आणि म्हणून फारसं बोलणंच होत नसे.

छोटी एका संध्याकाळी आली. तिच्या ओळखीत कुणाच्या मांजरीला पिल्लं झाली होती. "वहिनी, एक आणू का? दादाला सोबत होईल." दोघं एकदमच "नको" म्हणाली. छोटी चहा पिऊन उठली. दारात चप्पल घालता घालता तिनं काटाबाईला हळूच विचारलं, "मग दुसरीकडे दाखवायचं ठरवलंत का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला काय हरकत आहे?"

"कशाचं मत?"

छोटीनं तिच्याकडे पाहिलं. मग आत बसलेल्या भावाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "दादाला विचार," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली.

काटाबाई दार लावून आली. मास्तर खुर्चीत होते. त्या दिवशी ते डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आले होते, यंत्रामागे फरशीवर बसले होते, टॅक्सीत बसले होते, दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसले होते, नंतरही इतके दिवस याच खुर्चीत बसले होते, आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं. एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

"त्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले?"

मास्तरांनी मान खाली घातली. "उजवा पण," ते म्हणाले.

"पण म्हणजे?"

"आतून रक्त उतरतंय म्हणाले. आता करण्यासारखं काही नाही. सावल्या दिसतील काही दिवस."

"मला सांगणार कधी होतात?"

"तू बोक्याच्या दुःखात होतीस," मास्तर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच तिला सोसवेना. "मग राहूनच गेलं."

तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेईन. मी रजा घेईन, फोन करून नुसतं 'येत नाही' म्हणेन, इतकं सोपं असतं ते. पण करण्यासारखं काही नाही हे मास्तर ज्या आवाजात म्हणाले होते, त्या आवाजात खोट्याचा लवलेश नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला तो आवाज ताडून बघावासा वाटला नाही. आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. मास्तरांचा चेहरा तिच्या रोखानं होता, पण नजर तिच्या खांद्याच्या जरा वरून, मागच्या भिंतीवर गेली होती. ती थोडी डावीकडे सरकली. नजर तिथंच राहिली.

"मी कुठे बसले आहे, दिसतं का?" तिनं विचारलं.

"तिकडे कुठेतरी," मास्तर म्हणाले. "आवाजावरून."

बऱ्याच वेळानं ती उठली. "जेवायला वाढू का?"

"वाढ," ते म्हणाले.

तिनं वाढलं. दोघं जेवली.